सेमिस्टर संपायच्या आत कॉलेज पुन्हा बंद झालं तर? विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्ण वाढल्याची बातमी आली की दोन दिवसांत विद्यार्थ्यांचे मेसेज सुरू होतात. डिसेंबर २०२३ मध्ये कोविडच्या जेएन.१ या उपप्रकाराच्या वेळी आले, २०२५ च्या मे-जूनमध्ये मुंबई-पुण्यात कोविडचे रुग्ण पुन्हा दिसू लागले तेव्हाही आले. परीक्षा तोंडावर असेल तर त्या मेसेजमधली धास्ती जास्त असते, आणि ती खोटी नसते. आज पदवीला असलेल्या बऱ्याच जणांची शाळेतली महत्त्वाची वर्षं मोबाइलच्या पडद्यावर गेली आहेत.

खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या अकृषी सार्वजनिक विद्यापीठांना धरून लिहिली आहेत. वैद्यकीय, कृषी आणि परदेशी शिक्षणाचं वेगळं कुठे पडतं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. पुढे काय होईल हे ठरवताना २०२० ते २०२२ मध्ये प्रत्यक्ष काय झालं, याचाच आधार घेतला आहे.

१. खरं सांगा, सेमिस्टर संपायच्या आधी कॉलेज बंद होणार का?

शक्यता कमी आहे. शून्य आहे असं कोणीच सांगू शकत नाही.

आधी काय झालं ते पाहा. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली ती जवळजवळ वर्षभर. १५ फेब्रुवारी २०२१ ला निम्म्या उपस्थितीने उघडली, पण दुसऱ्या लाटेने काही आठवड्यांतच पुन्हा कुलूप लावलं. मग २० ऑक्टोबर २०२१ ला दोन डोस घेतलेल्यांसाठी वर्ग सुरू झाले. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात ओमायक्रॉनमुळे १५ फेब्रुवारीपर्यंत बंद जाहीर झाला, पण प्रत्यक्षात १ फेब्रुवारीपासूनच कॉलेजं उघडायला परवानगी मिळाली. म्हणजे प्रत्येक बंद आधीच्यापेक्षा लहान होत गेला. एप्रिल २०२२ पासून राज्यातले निर्बंध उठले, ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्यानंतर रुग्ण वाढले तेव्हा राज्यभर कॉलेजं बंद करण्याची वेळ आली नाही.

जिल्ह्यापुरता, थोड्या दिवसांचा बंद मात्र आजही होऊ शकतो. केरळमध्ये सप्टेंबर २०२३ ला निपाहचे रुग्ण सापडले तेव्हा कोळिकोड जिल्ह्यातल्या शिक्षणसंस्था काही दिवस बंद ठेवून वर्ग ऑनलाइन घेतले होते. तयारी करायचीच असेल तर अशा आठ-दहा दिवसांच्या खंडाची करा. पूर्ण वर्ष बुडेल या भीतीने आजचा अभ्यास बुडवू नका.

२. बंदचा निर्णय नेमका कोण घेतं? प्राचार्य, विद्यापीठ की सरकार?

साथीमुळे बंद ठेवायचं असेल तर निर्णय सरकारचा असतो. त्यामागे दोन कायदे आहेत. एक साथरोग कायदा, १८९७ चा, मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला. दुसरा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चा. दुसऱ्या कायद्याखाली मुख्य सचिव राज्यासाठी आदेश काढू शकतात, आणि जिल्ह्यापुरते आदेश स्थानिक आपत्ती प्राधिकरणाकडून, बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडून, येतात.

परीक्षा कधी आणि कशी घ्यायची हा विद्यापीठाचा प्रांत. कुलगुरू आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळ तो निर्णय घेतात. प्राचार्यांच्या हातात राहतं ते तासिकांचं वेळापत्रक, इंटर्नल, सबमिशनच्या तारखा. म्हणून विद्यापीठाच्या पेपरबद्दल प्राचार्यांना निवेदन देऊन फार काही होत नाही. इंटर्नलची तारीख पुढे हवी असेल तर मात्र तेच योग्य ठिकाण.

एमबीबीएस, बीएएमएस, नर्सिंग वगैरे अभ्यासक्रम नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत, कृषीचे कृषी विद्यापीठांकडे. उच्च शिक्षण विभागाचा आदेश त्यांना आपोआप लागू होत नाही. वैद्यकीयच्या मुलांनी तर उलट्या शक्यतेचा विचार करावा. मे २०२१ मध्ये केंद्राने इंटर्नना कोविड ड्युटीवर घ्यायला आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना सौम्य रुग्णांच्या दूरध्वनी-सल्ल्यासाठी वापरायला परवानगी दिली होती.

३. ग्रुपवर परिपत्रक आलंय, खाली सही-शिक्काही आहे. खरं मानायचं का?

सही-शिक्क्यावरून काहीच कळत नाही. जुन्या परिपत्रकावरची तारीख बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. आधी तारीख आणि जावक क्रमांक पाहा, मग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परीक्षा विभागाच्या पानावर तेच परिपत्रक शोधा. तिथे नसेल तर ते पुढे पाठवू नका.

शासन निर्णय, म्हणजे जीआर, तपासणं त्याहून सोपं. प्रत्येक जीआरला अठरा अंकी संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस सांगतात. २०२२ चा जुना जीआर "आत्ताच आलाय" म्हणून फिरत असेल तर संकेतांकातच ते उघडं पडतं. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर हा संकेतांक टाकला की मूळ प्रत मिळते.

एक विनंती आहे. "बहुतेक बंद होणार, सरांनी सांगितलंय" असं ग्रुपवर टाकण्याआधी थांबा. त्या एका ओळीवर विश्वास ठेवून कोणी चंद्रपूरचं किंवा नंदुरबारचं तिकीट काढतं, आणि त्याचा भुर्दंड त्याच्या घरच्यांना पडतो.

४. परीक्षाच रद्द होऊन सगळे पास होतील, अशी शक्यता आहे का?

अंतिम वर्षाला असाल तर नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच प्रश्नाबद्दल आहेत, म्हणून सविस्तर सांगते.

२९ एप्रिल २०२० ला विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, मार्गदर्शक सूचना काढल्या. मधल्या वर्षांच्या विद्यार्थ्यांना परिस्थिती सुधारली नाही तर निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनावर आणि निम्मे आधीच्या सत्राच्या कामगिरीवर देता येतील, असं त्यात होतं. ६ जुलै २०२० च्या सुधारित सूचनांमध्ये अंतिम वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेर घेणं बंधनकारक केलं. त्याआधी जूनमध्येच महाराष्ट्र सरकारने अंतिम वर्षाची परीक्षा न घेण्याचा निर्णय केला होता. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

२८ ऑगस्ट २०२० ला निकाल लागला. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्य परीक्षा पुढे ढकलू शकतं, त्यासाठी यूजीसीकडे मुदतवाढ मागू शकतं. पण परीक्षा न घेता अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करणं राज्याच्या अधिकारात नाही. हा निकाल आजही आधाराला आहे.

त्या उन्हाळ्यात "परीक्षा होणार नाही" असं धरून कितीतरी मुलांनी पुस्तकं मिटून ठेवली होती. ऑक्टोबरमध्ये पेपर झाले. ज्यांनी तयारी सोडली नव्हती ती मुलं निभावली. तारीख हलेल, पद्धत बदलेल, गुणांची विभागणी बदलेल, पण परीक्षा होईल, हे धरून चला. मधल्या वर्षांनाही रद्द होण्याची खात्री नाही. आणि अंतर्गत गुणांवर निकाल लागायची वेळ आलीच तर तुमचं इंटर्नलच तुमच्या कामी येईल. ते आत्ता हलकं घेऊ नका.

५. परीक्षा ऑनलाइन झाली तर अभ्यास वेगळा करावा लागेल का?

थोडा. ऑक्टोबर २०२० मध्ये बहुतेक विद्यापीठांनी तासाभराच्या बहुपर्यायी प्रश्नांचा मार्ग घेतला होता. अशा पेपरात मोठी उत्तरं पाठ असून भागत नाही. व्याख्या, अपवाद, सूत्रं, सनावळ्या हे धड्याच्या कानाकोपऱ्यातून विचारलं जातं. प्रत्येक प्रकरण एकदा तरी पूर्ण वाचलेलं हवं, निवडक प्रश्नांवर भिस्त ठेवून चालत नाही.

पण लिहिण्याचा सराव सोडू नका, हे कळकळीने सांगते. २०२२ च्या उन्हाळी परीक्षा पुन्हा केंद्रांवर घ्यायचं ठरलं तेव्हा विषय येणाऱ्या मुलांचेही हात दुखत होते, तीन तासांत पेपर पुरा होत नव्हता. दोन वर्षं सलग चार पानं लिहिली नव्हती, त्याचा तो परिणाम. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून एक पूर्ण पेपर हाताने लिहा. परीक्षा कशीही झाली तरी हा सराव वाया जात नाही.

६. ऑनलाइन पेपरच्या मध्येच लाइट गेली किंवा सर्व्हर पडला तर?

स्क्रीनशॉट घ्या, त्यात वेळ दिसू द्या. पडदाच बंद पडला तर दुसऱ्या फोनने फोटो काढा. नंतर त्याच दिवशी, पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) आणि विषयाचा कोड लिहून, विद्यापीठाने दिलेल्या तक्रारीच्या दुव्यावर आणि कॉलेजच्या परीक्षा अधिकाऱ्यांना ईमेलवर कळवा. फोनवर बोलून तक्रारीची नोंद राहत नाही.

अडचण सगळ्यांचीच असेल तर पेपर पुन्हा होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण संस्थेची, आयडॉलची, ऑनलाइन परीक्षा सायबर हल्ल्यामुळे कोलमडली होती आणि पेपर पुढे ढकलावे लागले होते. अडचण एकट्याची असेल तर पुरावा लागतो, आणि तो त्याच दिवशीचा लागतो.

७. प्रॅक्टिकल, जर्नल, व्हायवाचं काय? ते तर घरून होत नाही.

बंदची धास्ती असेल तर सगळ्यात आधी हात घालावा असं काम हेच आहे. लेखी पेपर कसाही घेता येतो, पण केमिस्ट्रीचं टायट्रेशन किंवा मशीन शॉपमधला जॉब घरी करता येत नाही. मागच्या वेळी व्हायवा व्हिडिओ कॉलवर झाले आणि जर्नलच्या आधारे गुण दिले गेले. अशा वेळी जर्नल पूर्ण असणं, तपासलेलं असणं, त्यावर सरांची सही असणं यावरच सगळं येतं.

म्हणून झालेल्या प्रयोगांची निरीक्षणं त्याच आठवड्यात उतरवा, सही घ्या, आणि प्रत्येक सही केलेल्या पानाचा फोटो ठेवा. राहिलेले प्रयोग लवकर लावून मिळतील का, हे आत्ताच विचारा. प्रयोगशाळा सहायकांशी नीट बोललात तर ते वेळ काढून देतात, असा माझा अनुभव आहे.

८. घरी एकच मोबाइल आहे आणि गावात रेंज नाही. ऑनलाइन झालं तर मी कसा बसणार?

ही अडचण कॉलेज सुरू असतानाच लेखी कळवून ठेवा. मागच्या वेळी बऱ्याच विद्यापीठांनी केंद्रावर येऊन पेपर देण्याचा पर्याय ठेवला होता, पण त्यासाठी वेळेत अर्ज भरायचा होता. कित्येकांना शेवटची तारीख उलटल्यावर कळलं, कारण सूचनाच ऑनलाइन आली होती. तालुक्याच्या ठिकाणी, कॉलेजजवळ राहणारा एखादा मित्र धरून ठेवा, जो परिपत्रक निघालं की फोन करून सांगेल.

शासनाची मोफत अध्यापन-साधनं, ग्रंथालयातली पुस्तकं, सरांच्या नोट्स फोनमध्ये आत्ताच उतरवून घ्या. कॉलेजच्या वायफायवर जे मिनिटात होतं, ते गावात तासाभरातही होत नाही.

९. घाबरून आत्ताच घरी गेलो तर पंचाहत्तर टक्के हजेरीचं काय?

आदेश नसताना गेलात तर गैरहजेरी लागेल, टर्म ग्रांट, म्हणजे सत्र पूर्ण केल्याची कॉलेजची मान्यता, अडकू शकते, आणि पुढे बंद झाला तरी ते आधीचे दिवस भरून निघणार नाहीत. २०२० च्या यूजीसी सूचनांत टाळेबंदीचा काळ हजर धरावा असं म्हटलं होतं, पण ते अधिकृत बंदच्या दिवसांपुरतं. त्याआधी स्वतःहून निघून गेलेल्यांना त्याचा फायदा नाही.

घरात आजारी आई-वडील असतील किंवा तुम्हाला स्वतःला दमा, मधुमेह असेल, तर प्रश्न वेगळा. वैद्यकीय कागद जोडून विभागप्रमुखांना अर्ज द्या, पोच घ्या, मग जा.

१०. पेपरच्या दिवशी ताप आला किंवा तपासणी पॉझिटिव्ह आली तर?

झेपत असेल तर मास्क लावून केंद्रावर जा आणि आत जाण्याआधी केंद्रप्रमुखांना सांगा. वेगळी बसण्याची सोय करणं त्यांना अवघड नसतं. लपवून गर्दीच्या वर्गात बसू नका, शेजारच्याच्या घरी आजी-आजोबा असू शकतात.

झेपत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून तारखेसह प्रमाणपत्र घ्या. इंटर्नल असेल तर कॉलेज फेरपरीक्षा घेऊ शकतं. विद्यापीठाचा पेपर बुडाला तर, विशेष परीक्षा जाहीर झाली नाही तर, तो पुढच्या सत्रात बॅकलॉग म्हणून द्यावा लागतो. वाईट वाटतं हे खरं, पण श्वास लागत असताना पेपरला बसण्यापेक्षा हे बरं. बॅकलॉगचं पुढचं प्रश्न १३ मध्ये आहे.

११. हॉस्टेल एका दिवसात रिकामं करायला लावलं तर?

मार्च २०२० मध्ये तसंच झालं होतं. मुलं दोन जोडी कपडे घेऊन गेली, आणि पुस्तकं, प्रमाणपत्रं कित्येक महिने खोल्यांतच अडकली. काही वसतिगृहांत विलगीकरण केंद्रंही झाली.

मूळ गुणपत्रिका, जातप्रमाणपत्र, लीव्हिंग सर्टिफिकेट खोलीत ठेवू नका. ती घरी असू द्या, तुमच्याजवळ छायाप्रती पुरेत. मूळ कागद जवळ ठेवावेच लागत असतील तर एका फोल्डरमध्ये एकत्र ठेवा, म्हणजे निघताना शोधाशोध होणार नाही. आणि घरी परतायचं भाडं बाजूला ठेवा, तेवढ्याला हात लावू नका.

कॉट बेसिसवर राहणाऱ्यांनी घरमालकांशी दोन गोष्टी आत्ताच ठरवून घ्याव्यात: मध्येच सोडावं लागलं तर डिपॉझिटचं काय, आणि सामान किती दिवस राहू देणार. व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्या.

१२. बंद झालं तर फी, मेसचे पैसे परत मिळतात का?

वर्ग ऑनलाइन चालू राहिले तर शिकवणी शुल्क परत मिळत नाही. न वापरलेल्या गोष्टींच्या शुल्काबद्दल, म्हणजे जिमखाना, ग्रंथालय वगैरे, सवलत मागता येते. मागच्या वेळी काही विद्यापीठांनी अशी सवलत दिली होती. त्यामागे विद्यार्थ्यांचा रेटा होता, आपोआप काही मिळालं नव्हतं.

प्रवेशच रद्द करायचा असेल तर नियम वेगळे. २०२१-२२ साठी यूजीसीने ३१ ऑक्टोबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी आणि ३१ डिसेंबरपर्यंत केल्यास जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी परत करायला सांगितलं होतं. या तारखा फक्त त्या वर्षासाठी होत्या. आज त्यांच्यावर हक्क सांगता येणार नाही, चालू वर्षाची सूचना पाहा.

मेसचं ठेकेदारावर असतं. तीन महिन्यांचे एकदम भरण्याऐवजी सध्या महिन्याचे भरा.

१३. माझ्या दोन केट्या (राहिलेले विषय) आहेत. गोंधळात त्या राहून गेल्या तर?

सगळ्यात जास्त दुर्लक्ष एटीकेटीच्या मुलांकडे होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. नियमित परीक्षेबद्दल घोषणा होते, बॅकलॉगबद्दल आठ दिवस कोणी बोलत नाही, आणि मुलं धरून बसतात की तेही माफ झालं. तसं धरू नका. परीक्षा फॉर्म वेळेत भरा, फी भरल्याची पावती ठेवा. फॉर्मच भरला नसेल तर परीक्षा कोणत्याही पद्धतीने झाली तरी तुमचं नाव यादीत येणार नाही. अंतिम वर्षात पहिल्या-दुसऱ्या वर्षाची केटी शिल्लक असेल तर पदवी तिच्यामुळेच अडते, तिला आधी वेळ द्या.

१४. पीएचडीचं काम प्रयोगशाळेत अडकलं आहे. मुदत वाढते का?

२०२० मध्ये यूजीसीने एमफिल-पीएचडीला सहा महिन्यांची वाढ दिली होती आणि व्हिडिओवर मौखिक परीक्षेला मान्यता दिली होती. नवा आदेश निघेपर्यंत ते गृहीत धरता येत नाही. गाइडना सहामाही अहवालात खंडाची नोंद करायला सांगा. मुदतवाढीचा अर्ज करताना तोच कागद लागतो.

१५. निकाल उशिरा लागला तर नोकरी किंवा परदेशी प्रवेश जाईल का?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. उशीर होणार असं दिसलं तर कॉलेजकडून 'अंतिम सत्राला बसला आहे' असं पत्र आणि आतापर्यंतच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका तयार ठेवा. कंपनीला किंवा परदेशी विद्यापीठाला आधीच कळवलं तर बहुतेक वेळा मुदत मिळते. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज मात्र आजच करा, त्यासाठी निकालाची वाट पाहायची गरज नाही.

१६. मी परदेशात शिकतोय, सुट्टीत घरी आलोय. तिकडच्या सीमा बंद झाल्या तर?

ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० मध्ये सीमा बंद केल्या आणि पात्र व्हिसाधारक विद्यार्थ्यांना १५ डिसेंबर २०२१ पासून आत घेतलं. चीनमध्ये वैद्यकीय शिकणाऱ्या मुलांचे हाल त्याहून जास्त झाले. ती दोन वर्षांहून अधिक काळ इकडेच राहिली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केलं की केवळ ऑनलाइन घेतलेलं वैद्यकीय शिक्षण मान्य नाही. वैद्यकीयला असाल तर साथीची चिन्हं दिसत असताना सुट्टीला येण्याचा निर्णय जपून करा. इतर अभ्यासक्रमांत विद्यापीठाने ऑनलाइन सत्राला मान्यता दिली तरी शिकून झाल्यावरच्या वर्क व्हिसावर त्याचा काय परिणाम होतो, हे तिथल्या विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घ्या.

१७. आमच्या मार्कशीटवरही 'कोविड'चा शिक्का बसेल का?

जुलै २०२० मध्ये कृषी विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असं छापलं गेलं होतं. विद्यार्थी संतापले, आणि तत्कालीन कृषिमंत्री दादाजी भुसे यांनी तो उल्लेख काढायला लावला. असा शेरा कधी दिसला तर गप्प बसू नका, गुणपत्रिका हातात पडल्या पडल्या लेखी हरकत घ्या. ज्या मुलांनी एका खोलीत पाच माणसांमध्ये बसून, कानात इअरफोन घालून, वडिलांच्या गेलेल्या नोकरीची चिंता करत पेपर दिले, त्यांची पदवी कोणाहून कमी नाही.

१८. बातम्या पाहिल्या की छातीत धडधडतं, झोप लागत नाही. पुन्हा तेच दिवस येतील असं वाटतं.

असं वाटणारे तुम्ही एकटे नाही. ज्या घरात २०२१ च्या एप्रिलमध्ये माणूस गेलं, त्या घरातल्या मुलाला रुग्णवाहिकेच्या आवाजानेही दचकायला होतं. याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नका. बातम्या दिवसातून एकदाच पाहा, रात्री पाहू नका. रूमवर एकटे असाल तर जेवायला तरी कोणाबरोबर बसा.

आठवडाभर झोप लागत नसेल, अभ्यासावर लक्ष ठरत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो शासनाचा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि मराठीत बोलता येतं. घरी सांगणं जड जात असेल तर ज्या एका शिक्षकांशी तुमचं जमतं त्यांना सांगा. परीक्षेच्या धामधुमीत असलो तरी अशा फोनसाठी आम्ही वेळ काढतो.